'मिस आऊट' झालं म्हणजे नक्की काय झालं?

अंबडचा_डिस्पॅच (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आज ऑफिसात असं काही हसं झालं की धागा काढणं भाग पडलं.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात डिस्पॅच आणि कोटेशन दोन्ही मीच बघतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे डिप्लोमा. इंग्रजी मेल लिहितो, चालून जातं. इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकाला सुधारित कोटेशन पाठवलं होतं. त्याचं उत्तर आलं, 'यू हॅव मिस्ड आऊट द ट्रान्झिट इन्शुरन्स.' आता 'मिस आऊट' म्हणजे संधी हुकणे, एवढं मला पक्कं ठाऊक. सेलच्या प्रत्येक मेसेजमध्ये 'डोन्ट मिस आऊट' असतंच की. मला वाटलं, विम्याची काहीतरी स्कीम असणार, तिची मुदत संपली, आम्ही फायद्याला मुकलो आणि हा भला माणूस आमच्यासाठी हळहळतोय. मी लगेच कळवलं, 'नो प्रॉब्लेम सर, वी विल टेक इट नेक्स्ट टाइम.'

त्याच्या उत्तरात एक अक्षरही नव्हतं. नुसतं प्रश्नचिन्ह. आणि साहेब सीसीमध्ये.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "अरे, कोटेशनमध्ये विम्याची ओळच टाकली नाहीस तू. तो तेच सांगतोय, आणि तू म्हणतोस पुढच्या वेळी घेऊ!" मागे अकाउंट्सवाल्या मॅडम हसत होत्या. चहा येईपर्यंत बातमी शॉप फ्लोअरवर पोचली होती.

तर माझे प्रश्न: एकाच 'मिस आऊट'चे दोन अर्थ कसे? कोणता कुठे, हे ओळखायचं कसं? कधी पुढे 'ऑन' असतो, कधी नसतो, तो काय करतो? आणि मुळात 'आऊट' कशासाठी? कुठून बाहेर?


पहिली_पायरी

पहिला! खुर्ची टाकून बसतो. मास्तरांना कुणीतरी हाक मारा.


पासधारक_नाशिकरोड

डिस्पॅचभाऊ, वाईट वाटून घेऊ नका. 'किंडली रिव्हर्ट बॅक' लिहिणारे साहेबही मी पाहिलेत.

मी अठरा वर्षं पंचवटी एक्सप्रेसने मुंबई अप-डाऊन केलं. व्याकरण माझं कच्चंच आहे, पण 'मिस' मला त्या गाडीने शिकवला. सकाळी सातच्या सुमाराला ती नाशिकरोडला लागते. रिक्षावाल्याने द्वारका चौकात वेळ घालवला आणि गाडी डोळ्यांदेखत गेली, तर 'आय मिस्ड द पंचवटी'. इथे 'आऊट' नको, 'ऑन' नको. गाडी चुकली, विषय संपला.

आता दुसरा दिवस. गाडी मिळाली, पण धावतपळत भलत्याच डब्यात चढलो. आमच्या नेहमीच्या डब्यात त्या दिवशी कुणाच्या तरी मुलीचं लग्न ठरल्याचे पेढे वाटले. कसाऱ्याच्या आत खोका रिकामा. मला कळलं दादरला उतरल्यावर. याला म्हणायचं, 'आय मिस्ड आऊट ऑन द पेढे'.

गाडी 'मिस' होते, पेढ्यांच्या बाबतीत 'मिस आऊट ऑन' होतं. पहिल्यात नेम हुकला, बस. दुसऱ्यात कुठेतरी पंगत बसलेली असते, बाकीचे जेवत असतात आणि आपण मांडवाबाहेर असतो. तुम्ही विचारलंत कुठून बाहेर, तर मला ते असं दिसतं: पंगतीतून बाहेर.

आणि याला मराठी शब्द तुम्ही स्वतःच वापरलाय की. 'फायद्याला मुकलो'. गंमत बघा, 'मुकणे'ला 'ला' लागतोच. 'संधी मुकलो' कुणी म्हणत नाही, 'संधीला मुकलो' म्हणतात. तिकडचा 'ऑन' हा आपला 'ला' आहे. त्याचा 'वर' शी काही संबंध नाही.


अंबडचा_डिस्पॅच

पेढ्यांनी डोक्यात प्रकाश पडला. पण काका, माझ्या विम्याच्या वाक्यात 'ऑन' नव्हताच!


पासधारक_नाशिकरोड

मेख तिथेच आहे. मास्तर, कुठे आहात?


निवृत्त_मास्तर

आहे, आहे. सावानातून (सार्वजनिक वाचनालयातून) पुस्तक बदलून आत्ताच आलो.

डिस्पॅच, तुझ्या वाक्यात 'ऑन' नव्हता, हेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर. 'मिस आऊट' नंतर 'ऑन' न घालता थेट कर्म आलं, की अर्थ होतो गाळणे, वगळणे, लिहिता लिहिता राहून जाणे. 'यू हॅव मिस्ड आऊट अ कॉमा.' माझ्या लाल शाईने हे वाक्य किती वह्यांवर लिहिलं असेल, गणती नाही. हा वापर मुख्यतः ब्रिटिशांचा. अमेरिकन माणूस तिथे 'लीव्ह आऊट' म्हणेल. तुझं गिऱ्हाईक अमेरिकेतलं असतं, तर तुझी फजिती झालीच नसती. 'यू लेफ्ट आऊट' वाचून तुला विम्याची स्कीम सुचली नसती.

ओळखायची खूण सांगतो. वस्तूच्या जागी 'इट' घालून बघ आणि ते कुठे बसतं ते पाहा. 'यू मिस्ड इट आऊट': 'इट' मध्ये घुसला, म्हणजे काहीतरी गाळलं गेलंय. 'यू मिस्ड आऊट ऑन इट': 'इट' शेवटी 'ऑन'च्या मागे उभा, म्हणजे तू कशाला तरी मुकलास. 'मिस्ड इट आऊट ऑन' असं होतच नाही.

कर्मणी प्रयोग करून बघितलास तरी उलगडा होतो. गाळलेल्या गोष्टीचा कर्मणी सहज होतो, मुकण्याचा होत नाही. मतदार यादीत नाव नाही, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांचा आहे. एका वाक्यात दोन्ही अर्थ घे: 'माय नेम वॉज मिस्ड आऊट, सो आय मिस्ड आऊट ऑन व्होटिंग.' नाव गळलं, म्हणून मतदानाला मुकलो. हे वाक्य पाठ कर. पुन्हा चुकणार नाहीस.

आणि 'ऑन'नंतर क्रियापद आलं तर ते 'इंग' लावून येतं. 'ऑन टू व्होट' नाही, 'ऑन व्होटिंग'. आपणही 'मतदान करण्याला' म्हणतो, 'मतदान करू ला' म्हणत नाही.


पहिली_पायरी

मास्तर म्हणजे मास्तर. वहीत उतरवून घेतलं.


कॉलेजरोड_२१

म्हणजे आमच्या इकडच्या एका कपड्यांच्या दुकानावरचं फ्लेक्स, 'डोन्ट मिस आऊट धिस ऑफर', ते चूकच ना? दोन महिने रोज बघतेय.


निवृत्त_मास्तर

चूक. 'डोन्ट मिस धिस ऑफर' तरी म्हणा, नाहीतर 'डोन्ट मिस आऊट ऑन धिस ऑफर'. आहे तसा अर्थ लावला तर 'ही ऑफर यादीतून गाळू नका' असा होतो. दुकानदाराने छापणाऱ्याला दिलेली ताकीद वाटते ती.

डिस्पॅचचा शेवटचा प्रश्न राहिला, 'आऊट' कशासाठी? पासधारकांची पंगत छान आहे, मुलांना सांगायला उत्तम. पण तिच्यावर फार भार टाकू नका. 'रन आऊट ऑफ साखर' मध्ये कोण कुठून बाहेर पळालं? 'फाइंड आऊट' मध्ये? फ्रेझल व्हर्बमधला, म्हणजे क्रियापदाला 'आऊट', 'अप' असं काही जोडून होणाऱ्या जोडीतला, हा दुसरा शब्द पुष्कळदा स्वतःचा अर्थ विसरलेला असतो. (ते नावही फार जुनं नाही. लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाने १९२५ मध्ये ते चलनात आणलं, आणि त्याला ते सुचवलं होतं ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. शेक्सपिअर ही क्रियापदं बिननावाचीच वापरत होता.)

आणि मराठी माणसाने याचं आश्चर्य करू नये. आपण हेच करतो, फक्त शेवटी दुसरं क्रियापद जोडून. 'सांगायचं राहिलं' आणि 'सांगायचं राहून गेलं' यात फरक आहे ना? 'राहिलं' म्हणजे अजून सांगता येईल. 'राहून गेलं' म्हटलं की वेळ टळली आणि बोलणाऱ्याला त्याचं वाटतंय. एखादा इंग्रज मराठी शिकायला बसला तर तो विचारेल, "राहिलं ना? मग गेलं कुठे?" तू 'आऊट'बद्दल विचारतोस तेच. 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं', टाकलं कुठे? 'बोललो' आणि 'बोलून बसलो', बसलो कशावर? आपल्याला हे प्रश्न पडत नाहीत, कारण हे आईच्या दुधाबरोबर आलंय. 'मिस' हे 'राहिलं' आहे आणि 'मिस आऊट' हे 'राहून गेलं' आहे. उच्चारतानाही 'मिस'पेक्षा 'आऊट'वर जोर येतो, कानाने ऐकून बघ.


शंकासुर

मास्तर, पासधारक, 'मुकणे'वर सगळ्यांचं एकमत झालेलं दिसतंय, म्हणून खडा टाकतो.

'अपघातात तो जिवाला मुकला.' 'डोळ्यांना मुकला.' 'लॉकडाऊनमध्ये नोकरीला मुकला.' करा बघू भाषांतर 'मिस आऊट ऑन' वापरून. 'ही मिस्ड आऊट ऑन हिज आइज'? जे आपलं होतं ते गेलं तरी मराठीत मुकणंच. 'मिस आऊट ऑन'मध्ये मात्र वस्तू हातात आलेलीच नसते.


निवृत्त_मास्तर

खडा बरोबर लागला. मान्य. 'मुकणे'चं घर मोठं आहे, 'मिस आऊट ऑन' त्यातल्या एका खोलीत राहतं. हातचं गेलं तर इंग्रजीत सरळ 'लूज'.

तुमच्यासाठी भर घालतो. 'मुकणे' आणि 'मुक्त' एकाच मुळातले. संस्कृत मुक्त, प्राकृत मुक्क, त्यातून आपलं मुकणे. सुटणे, सोडलं जाणे, एवढाच मूळ अर्थ. संत मुक्त होतात, आपण मुकतो.


तिवंधा_लेक

माहेर तिवंधा चौक, सध्या मुक्काम इंग्लंड, नऊ वर्षं झाली. मास्तरांचं 'मिस आऊट'बद्दलचं बरोबर आहे. इथे शाळेतून मुलाच्या फॉर्मवर नेहमी लिहून येतं की अमुक रकाना मिस्ड आऊट आहे.

पण मला वेगळं सांगायचंय. रंगपंचमीच्या दिवशी भावाने व्हिडिओ कॉल लावला. रहाड उघडलेली, रंगाचं पाणी, पोरं धप्पा मारतायत, ढोल चाललाय. (नाशिकबाहेरच्यांसाठी: रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा दगडी हौद. वर्षभर बुजवलेला असतो, पंचमीला उघडतात. धुळवडीला आमच्याकडे कुणी रंग खेळत नाही, खरा रंग पंचमीलाच.) मी इथे ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी, हातात गार झालेला चहा. शेजारच्या मैत्रिणीला म्हटलं, 'आय मिस धिस'. ती म्हणाली, 'यू मस्ट फील यू आर मिसिंग आऊट'. तेव्हा कळलं की दोन्ही खरं आहे आणि दोन्ही वेगळं आहे. 'आय मिस इट', म्हणजे पूर्वी होतं आणि त्याची आठवण येते. 'आय ॲम मिसिंग आऊट ऑन इट', म्हणजे ते आत्ता, या मिनिटाला चाललंय आणि मी तिथे नाही. आजोबांना मी मिस करते, पण आजोबांना मिस आऊट ऑन करता येत नाही.

आणि मराठीत या पहिल्या 'मिस'ला किती गोड शब्द आहे: चुकल्याचुकल्यासारखं वाटणं. लग्न होऊन मी इकडे आले, तेव्हा आई फोनवर हेच म्हणायची. गाडी चुकते त्याच चुकण्यातून तो आलाय. इंग्रजीतही गाडी मिस होते आणि माणूसही मिस होतो. दोन भाषांना हे एकमेकींना न विचारता कसं सुचलं असेल?


पासधारक_नाशिकरोड

वा, ताई. आणि 'चुकामूक'? तिच्यात तर चुकणे आणि मुकणे शेजारी शेजारी बसलेत असं मला वाटतं. सीबीएस बसस्टँडवर तुम्ही एका गेटला, पाहुणे दुसऱ्या गेटला. इंग्रजीत 'वी मिस्ड ईच अदर', म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं दोघं एकमेकांच्या आठवणीने रडतायत.


तिवंधा_लेक

😂 हो, आणि आणखी एक. 'गिव्ह इट अ मिस'. इथे हे फार ऐकू येतं. म्हणजे मुद्दाम टाळणं. आपलं 'चुकवणे'. २०१५ च्या सिंहस्थात माझी आजी पंचवटीत राहून एकाही पर्वणीला रामकुंडावर गेली नाही. गर्दीत कोण चेंगरून घेणार म्हणाली, घरातच बादलीत गंगा म्हणून अंघोळ केली. आजी 'गेव्ह इट अ मिस'. मी तेव्हा इकडे यायच्या तयारीत, व्हिसाची धावपळ, मला जायचं होतं आणि जाता आलं नाही. मी 'मिस्ड आऊट'. घाट दोघींनाही मिळाला नाही, पण आजीला त्याचं काही वाटलं नाही आणि मला अजून वाटतंय. आता पुढचा सिंहस्थ २०२७ ला.


कांदाचाळ_निफाड

राम राम. इंग्रजी जास्त येत नाही, पण पोरगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, तो हे सगळं घोकत असतो. त्याला मी म्हटलं, पुस्तकातली उदाहरणं कशाला घेतो, आपल्या कांदा साठवायच्या चाळीकडे बघ.

मागच्या उन्हाळ कांद्याची गोष्ट. एप्रिलात काढणी झाली तेव्हा व्यापारी बांधावर आला, भाव सांगितला. मी म्हटलं नाही, चाळीत भरतो, पुढे वाढेल. मी होऊन सोडलं. पोरगा म्हणाला, बापू, हे 'पास अप'. संधी समोर उभी होती, तुम्ही हात जोडून परत पाठवली. आमच्यात याला म्हणतात लक्ष्मी टिळा लावायला आली अन् हा तोंड धुवायला गेला.

मग ऑगस्टात एक दिवस लासलगावला भाव एकदम उसळला, क्विंटलमागे चार-पाचशेने. मी नेमका साडूच्या घरी, देवळ्याला. ट्रॅक्टर घरी उभा, चालवणारा मी. दोन दिवसांनी गेलो तर उतरला होता. हे 'मिस आऊट ऑन'. मी नाकारलं नाही, मला नको नव्हतं, पण मी तिथे नव्हतो.

अन् चाळीत जो कांदा सडला, कोंब आले, वजनात घटला, तो 'लॉस'. त्याला कुठलाच आऊट अप लागत नाही. तो सरळ लागतो.

तिसरं एक पोराने सांगितलं, 'लूज आऊट'. २०२३ च्या ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली. लाल कांदा ऐन बाजारात होता. आदल्या दिवशी अन् दुसऱ्या दिवशी गेलेल्या माणसाच्या विक्रीच्या पट्टीत किती फरक पडला, ते ज्याने पट्टी पाहिली त्यालाच ठाऊक. बंदी उठली थेट पुढच्या मे महिन्यात. यात आम्ही काही सोडलं नाही, गैरहजरही नव्हतो. दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयात आम्ही तोट्यात गेलो. पोरगा म्हणतो, हे 'लूज आऊट'.

मास्तर, बरोबर सांगतो का तो? चुकत असेल तर सांगा, त्याचा पेपर आहे.


निवृत्त_मास्तर

बापू, पोराचे कान धरू नका, पाठ थोपटा. मी वर्गात इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. 'पास अप'ला 'ऑन' लागत नाही, एवढं त्याला सांगा. 'पास्ड अप द ऑफर', किंवा 'पास्ड इट अप'.

'लूज आऊट'मागे बहुतेक वेळा कुणीतरी दुसरा असतो, म्हणून त्याला 'टू' लागतो. १९८४, लॉस एंजेलिस, चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत. पी. टी. उषा ५५.४२ सेकंद, रुमानियाची कोजोकारू ५५.४१. उषा 'मिस्ड आऊट ऑन' कांस्यपदक, आणि 'लॉस्ट आऊट टू' कोजोकारू. पदकाकडे बघून बोललात तर 'ऑन', प्रतिस्पर्ध्याकडे बघून बोललात तर 'टू'. त्या शर्यतीच्या वेळी मी नुकताच नोकरीला लागलो होतो. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे केवढा, हे मुलांना दाखवायला मी टाळी वाजवली आणि म्हटलं, याच्याही आत.


शंकासुर

'मिस द बस' राहिलं. ते मिस आऊटच्या घरातलं की गाडीच्या?


पासधारक_नाशिकरोड

गाडीच्याच, पण गाडी रूपकातली. आपलं 'गाडी चुकली' तसंच. यावरून आठवलं: ४ एप्रिल १९४० ला ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन भाषणात म्हणाले, हिटलर 'मिस्ड द बस'. पाच दिवसांनी, ९ एप्रिलला, हिटलरचं सैन्य डेन्मार्क आणि नॉर्वेत शिरलं. महिनाभरात चेंबरलेनच पदावरून उतरले. स्टेशनवर उभं राहून दुसऱ्याची गाडी चुकली असं कधी म्हणू नये, आपली कोणत्या फलाटावर लागलीय ते आधी बघावं.


कॉलेजरोड_२१

आणि फोमो? आमच्या पिढीचा शब्द कुणी काढलाच नाही. फिअर ऑफ मिसिंग आऊट. सगळे मित्र गंगापूर डॅमला गेलेत, स्टोरीवर फोटो पडतायत, आणि मी घरी सबमिशन लिहितेय. पण मास्तर, यात 'ऑन' नाही! मग हे गाळण्यातलं झालं का?


निवृत्त_मास्तर

नाही गं बाई. 'ऑन' तेव्हाच लागतो जेव्हा कशाला मुकलो ते सांगायचं असतं. ते सांगायचं नसेल तर 'आय मिस्ड आऊट' एवढं पूर्ण वाक्य आहे. आपलंही 'तू मुकलास!' असं नुसतं होतं. गाळण्याच्या अर्थाला मात्र काय गाळलं ते सांगावंच लागतं. फोमोत वस्तूचं नाव नाही, कारण त्या भीतीला वस्तू लागतच नाही.


तिवंधा_लेक

तो शब्द पॅट्रिक मॅकगिनिस नावाच्या विद्यार्थ्याने २००४ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या अंकात लिहून प्रसिद्ध केला. तेव्हा इन्स्टाग्राम नव्हतं. म्हणजे स्टोरीशिवायही लोकांना हा आजार होता.


शंकासुर

फोमोचा खरा अभ्यास करायचा तर सध्या नाशिकच्या प्लॉटवाल्यांचे मेसेज वाचा. 'सिंहस्थापूर्वी शेवटचे काही प्लॉट.' गेल्या दिवाळीतही शेवटचेच होते. ते प्लॉट संपत का नाहीत, यावर कुणीतरी धागा काढा.


पहिली_पायरी

माझ्या मेव्हण्याने त्या शेवटच्यातला एक घेतलाय. रस्ता अजून कागदावर आहे. त्याला वाटतं मी 'मिस आऊट' झालो. मी म्हणतो, 'गेव्ह इट अ मिस'. बरोबर वापरलं ना ताई?


तिवंधा_लेक

शंभर टक्के.


अंबडचा_डिस्पॅच

मंडळी, दिवसभर डिस्पॅचची गडबड होती, आत्ता सगळं वाचलं. दोनदा. कांदाचाळ बापूंचा प्रतिसाद तर साहेबांना वाचून दाखवला. साहेब मूळचे चांदवडचे, ते 'मिस आऊट' सोडून अर्धा तास कांद्यावरच बोलले.

गिऱ्हाइकाला हे लिहिलंय, पाठवायच्या आधी बघा: 'अपॉलजीज फॉर द कन्फ्यूजन. वी मिस्ड आऊट ऑन द ट्रान्झिट इन्शुरन्स इन अवर अर्लियर कोटेशन. रिव्हाइज्ड कोटेशन अटॅच्ड.'


निवृत्त_मास्तर

पाठवू नकोस! 'ऑन' काढ!!


अंबडचा_डिस्पॅच

अरे देवा. माझी नजर त्या 'ऑन'वर इतकी बसलीय की तो आता सगळीकडे पडतोय. 'वी मिस्ड आऊट द ट्रान्झिट इन्शुरन्स'. आता?


निवृत्त_मास्तर

आता ठीक. 'इट' घालून बघितलंस का?


अंबडचा_डिस्पॅच

'वी मिस्ड इट आऊट.' मध्ये बसतोय. पाठवलं.


(दुसऱ्या दिवशी)

अंबडचा_डिस्पॅच

उत्तर आलं: 'थँक्स, ऑल क्लिअर नाऊ.' ऑर्डर अजून आलेली नाही. अकाउंट्सच्या मॅडमनी सकाळी विचारलं, "काय हो, आज काय मिस आऊट?" मी त्यांना 'इट'ची खूण शिकवली. आता त्यांनाही ऑफिसात फिरून सगळ्यांना विचारायचंय.


पासधारक_नाशिकरोड

चला, मग रविवारी सकाळी मिसळ कट्टा करू. नऊ वाजता, जागा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. मास्तर, बापू, डिस्पॅच, सगळे या. बापू, कांदा तुमच्याकडचा.


कांदाचाळ_निफाड

कांदा आणतो, पण विकत घ्यावा लागेल बरं का. 😄


तिवंधा_लेक

मला सांगा, मी काय म्हणू? मिस करीन की मिस आऊट?


अंबडचा_डिस्पॅच

ताई, हे मला जमेल. मिसळीला 'मिस आऊट ऑन'. आम्हाला नुसतं 'मिस'.


निवृत्त_मास्तर

दहापैकी दहा. पाव दोन घे.